मोडलेले हाड कसे जुळते? – एक अभ्यास



स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा कार्यकारी मंडळाचा दरवर्षी आग्रह असतो. यंदा विषय मात्र मी स्वतः मागून घेतला. मी बँकेत लिपिक आहे, शिक्षण कला शाखेचे. शास्त्राच्या विषयावर अशा माणसाने लिहावे की नाही, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो माझ्याही मनात आला होता. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल. वाचून, जाणत्यांना विचारून जे समजले ते सोप्या भाषेत मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

चाळीसगावचा पूल

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील एक प्रसंग आपण सर्वजण जाणतो. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सभासद होते. धुळ्याकडील एका गावची चौकशी आटोपून ते चाळीसगावला उतरले. तेथील आपल्या लोकांनी मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनपासून महारवाड्यापर्यंत नेण्यासाठी टांगा हवा होता. परंतु महाराला बसवून टांगा हाकणे एकाही टांगेवाल्याला मान्य नव्हते. शेवटी तडजोड झाली. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकण्यास आपल्यातलाच एक माणूस बसला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती.

काही पावले जातात न जातात तोच एका मोटारीशी टक्कर होता होता टळली. पुढे नदीवरचा बिनकठड्याचा पूल आला. वळणावर घोडा उधळला, चाक कडेच्या दगडावर आदळले आणि बाबासाहेब पुलाच्या फरशीवर फेकले गेले. घोडा व टांगा खाली नदीत गेले. बाबासाहेब बेशुद्ध पडले. त्यांच्या पायाचे हाड मोडले आणि कित्येक दिवस त्यांना हालचाल करता आली नाही. हा सर्व प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. आपला मान राखण्यासाठी आपल्याच माणसांनी आपला जीव धोक्यात घातला, हे त्यांना नंतर उमगले.

पुढे २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि त्याचे नेतृत्व बाबासाहेबांनी केले. म्हणजे चाळीसगावानंतर काही महिन्यांतच ते पुन्हा लढ्यात उभे होते. या प्रसंगाचा सामाजिक अर्थ आपण अनेक व्याख्यानांतून ऐकला आहे. पण मोडलेले ते हाड जुळले कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. आज तोच विचारू.

हाड म्हणजे वाळलेले लाकूड नव्हे

प्रौढ माणसाच्या शरीरात २०६ हाडे असतात. स्मशानातील अस्थी पाहून आपला समज होतो की हाड म्हणजे निर्जीव, चुनखडीसारखी वस्तू. वास्तविक जिवंत हाडात रक्त खेळत असते. त्यात पेशी असतात आणि त्यांची घडामोड जन्मभर चालू असते.

हे माणसाला कळले ते एका रंगाऱ्याच्या घरी. ही गोष्ट आपल्या सोलापूरकरांना विशेष रुचावी, कारण सूत, माग आणि रंग यांवरच आपले शहर वाढले. सुमारे १७३६ साली लंडनचे एक शल्यचिकित्सक जॉन बेल्चियर हे कापड छापणाऱ्या एका गृहस्थाकडे जेवायला गेले होते. पानात वाढलेल्या डुकराच्या मांसातील हाडे लालभडक दिसली. चौकशी केली तेव्हा कळले, की कापड रंगविताना मंजिष्ठेच्या जातीच्या मुळीचा लाल रंग लागलेला कोंडा त्या डुकरांना खाऊ घातला जात होता. मांस नेहमीसारखेच होते, हाडे तेवढी रंगली होती.

पुढे फ्रान्समधील द्युआमेल या संशोधकाने हाच धागा धरून प्रयोग केले. जनावरांना काही दिवस हा रंग खाऊ घालायचा, काही दिवस बंद करायचा. नंतर हाड कापून पाहिले असता त्यात लाल व पांढरे थर आलटून पालटून दिसले. म्हणजे हाडावर नवे हाड थराथराने चढत होते. हाडाच्या अंगाला चिकटलेली जी पातळ, चिवट साल असते, तिला पेरिऑस्टियम म्हणतात. नवे हाड घडविण्यात या सालीचा वाटा मोठा आहे, हे त्यातून पुढे आले. आजही शल्यचिकित्सक ही साल शक्यतो खरवडली जाऊ नये म्हणून जपतात.

जुळणीच्या चार पायऱ्या

कातडी कापली गेली तर ती व्रण ठेवून भरते. हाडाचे तसे नाही. ते व्रणाने न भरता पुन्हा हाडानेच भरते. हे काम साधारणतः चार पायऱ्यांनी होते.

पहिली पायरी रक्ताची गाठ. हाड मोडताच त्यातील रक्तवाहिन्या तुटतात आणि मोडलेल्या टोकांभोवती रक्त साचून गोठते. त्या जागी सूज येते, ठणका लागतो. आपण या सुजेला शत्रू मानतो. परंतु याच वेळी शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी तेथे जमतात आणि दुरुस्तीचे निरोप सुटतात.

दुसरी पायरी मऊ सांध्याची. दोन-तीन आठवड्यांत गाठीच्या जागी कूर्चा तयार होते. नाकाचा शेंडा किंवा कानाचा वरचा भाग चाचपून पाहिला तर कूर्चा म्हणजे काय ते समजते. टोके आता एकमेकांना धरतात, पण भार सोसत नाहीत.

तिसरी पायरी कठीण सांध्याची. कूर्चेत नव्या रक्तवाहिन्या शिरतात, हाड घडविणाऱ्या पेशी काम सुरू करतात आणि कॅल्शियम साठू लागते. एक्स-रेमध्ये मोडलेल्या जागी जो ढगासारखा पांढुरका फुगवटा दिसतो, तो हाच. डॉक्टर त्याला कॅलस म्हणतात. हाताचे हाड साधारण सहा आठवड्यांत धरते. नडगीला तीन-चार महिने, कधी त्याहून अधिक लागतात. लहान मुलांचे काम लवकर होते.

चौथी पायरी घडणीची. ओबडधोबड फुगवटा हळूहळू तासला जातो आणि जेथे भार पडतो तेथे हाड दाट होते. जर्मनीचे युलिउस वोल्फ यांनी १८९२ साली हाच नियम मांडला, की हाड आपल्यावर पडणाऱ्या भाराप्रमाणे स्वतःची रचना बदलते. ही पायरी काही वर्षेसुद्धा चालते.

हे काम नीट होण्यास काय लागते, याची तुलना आपल्याकडच्या ज्वारीच्या पिकाशी करता येईल. बियाणे म्हणजे पेशी, जमीन म्हणजे पेशींना आधार देणारा सांगाडा, खत म्हणजे वाढीचे निरोप देणारी रसायने आणि ओल म्हणजे रक्तपुरवठा. शिवाय उगवता कोंब कोणी तुडवू नये म्हणून कुंपण लागते. हाडाच्या बाबतीत हे कुंपण म्हणजे स्थिरता. प्लास्टर, सळई, प्लेट हे सारे कुंपणाचेच प्रकार आहेत. प्लास्टर हाड जोडत नाही. शरीर जोडत असते, प्लास्टर फक्त राखण करते. यांपैकी एका गोष्टीचा अभाव झाला तरी पीक बुडू शकते.

यातील निरोप देणाऱ्या रसायनांचा शोध अमेरिकेतील मार्शल युरिस्ट यांनी लावला. हाडातील खनिज काढून टाकून उरलेला भाग त्यांनी जनावराच्या स्नायूत ठेवला, तर तेथे, म्हणजे स्नायूत, नवे हाड तयार झाले. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्यामागील प्रथिने पुढे वेगळी काढण्यात आली आणि काही रुग्णांत आज ती औषध म्हणूनही वापरतात.

जखमेसह मोडलेले हाड

आतल्या आत मोडलेले हाड आणि कातडी फाडून बाहेर आलेले हाड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दुसऱ्या प्रकारात धूळ, चिखल, कपड्याचे तंतू आत जातात आणि जंतू हाडात घर करतात. एके काळी अशा वेळी पाय कापणे हाच सर्रास उपाय होता, आणि कापूनही अनेक रुग्ण दगावत.

ऑगस्ट १८६५ मध्ये ग्लासगो येथे गाडीचे चाक पायावरून गेलेला ११ वर्षांचा एक मुलगा जोसेफ लिस्टर यांच्याकडे आला. नडगीचे हाड मोडून जखम झाली होती. लिस्टर यांनी जखमेवर कार्बोलिक आम्लात भिजविलेली पट्टी लावली. जखम चिघळली नाही आणि सहा आठवड्यांत हाड जुळले. जंतुनाशक शस्त्रक्रियेच्या इतिहासात या मुलाच्या पायाला मोठे स्थान आहे.

स्थिरतेचे महत्त्व पहिल्या महायुद्धाने शिकविले. मांडीचे हाड मोडले तर आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त जाऊ शकते. युद्धाच्या आरंभी अशा जखमेने सैनिकांपैकी सुमारे ८० टक्के मरत, असे सांगितले जाते. थॉमस यांची लोखंडी चौकट जागेवरच बांधून मगच जखमीला हलविण्याची पद्धत पडल्यावर हे प्रमाण २० टक्क्यांच्या आत आले. औषध तेच होते, डॉक्टरही तेच होते. फरक पडला तो आधी पाय स्थिर करण्याने.

अलीकडचे एक संशोधनही सांगण्याजोगे आहे. उघड्या जखमेतले हाड कशाने धुवावे, याची मोठी पाहणी अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे व भारत या देशांतील ४१ केंद्रांत झाली. २,४४७ रुग्णांच्या नोंदी तपासून २०१५ साली निष्कर्ष जाहीर झाला. साबणाच्या द्रावणाने धुतलेल्या रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया जास्त वेळा लागली. साधे सलाईनचे पाणी सरस ठरले, आणि ते फार जोराने मारण्याचीही गरज नव्हती. महागडे तेच चांगले, हा आपला समज प्रत्येक वेळी खरा नसतो.

पाय वाचवायचा की कापायचा, हा डॉक्टरांपुढील सर्वांत अवघड प्रश्न. कोईमतूर येथील गंगा हॉस्पिटलच्या डॉ. एस. राजशेखरन व सहकाऱ्यांनी यासाठी गुणांची पद्धत तयार केली. कातडी, हाड आणि स्नायू या तिन्हींना झालेल्या इजेला प्रत्येकी एक ते पाच गुण, आणि वय, मधुमेह अशा अडचणींचे वेगळे गुण. बेरीज १४ किंवा कमी असेल तर पाय वाचविण्याचा प्रयत्न करावा. १७ किंवा अधिक असेल तर बहुधा वाचत नाही. मधल्या गुणांना अनुभवी डॉक्टरांनी निर्णय घ्यावा. आपल्या देशातील रुग्णांच्या अभ्यासातून निघालेली ही पद्धत आज परदेशांतही अभ्यासली जाते.

आपल्या भागाने असा प्रसंग डोळ्यांनी पाहिला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसरात भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचे जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळले. मी तेव्हा शाळेत होतो. जखमींना सोलापुरातही आणले गेले. आमच्या वस्तीतील मोठी मंडळी भाकरी घेऊन दवाखान्यात जात, त्यांच्याबरोबर मीही एकदा गेलो होतो. व्हरांड्यात ओळीने टेकवलेले पाय, त्यांना बांधलेली वजने आणि एकाही पायाची न होणारी हालचाल, एवढेच मला आठवते. त्या वयात मला वाटले होते, की ही माणसे आता कधीच चालणार नाहीत.

सायबेरियातील रिंग

हाडाचा तुकडाच नाहीसा झाला तर? पिकात मोठी मोकळी पट्टी पडावी तसे. या प्रश्नावर विलक्षण उत्तर शोधले ते सोव्हिएत रशियातील गावरिल इलिझारोव्ह या डॉक्टरांनी. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियाच्या कुर्गान भागात ते काम करीत. पाय मोडून वर्षानुवर्षे न जुळलेले अनेक सैनिक त्यांच्यासमोर होते आणि साधने तुटपुंजी होती. १९५० च्या सुमारास त्यांनी लोखंडी कड्यांचे एक साधन तयार केले. पायाभोवती कडी, कड्यांतून हाडात आरपार जाणाऱ्या ताणलेल्या तारा, आणि कड्यांना जोडणाऱ्या आट्यांच्या सळया.

या साधनाने त्यांच्या लक्षात एक नवीच गोष्ट आली. निरोगी हाडाला काळजीपूर्वक छेद देऊन त्याची दोन टोके हळूहळू दूर नेली, तर मधल्या जागेत नवे हाड तयार होते. वेग मात्र नेमका हवा. दिवसाला एक मिलिमीटर, तोही चार हप्त्यांत. घाई केली तर नवे हाड धरत नाही, फार संथ गेले तर वेळेआधीच जुळून जाते.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये १९६४ साली उंच उडीचे सुवर्णपदक मिळविणारा व्हॅलेरी ब्रुमेल पुढच्याच वर्षी मोटारसायकलच्या अपघातात सापडला. अनेक शस्त्रक्रिया होऊनही त्याचा पाय बरा होईना. इलिझारोव्ह यांच्या उपचारानंतर तो पुन्हा उड्या मारू लागला. इटलीचा गिर्यारोहक कार्लो माउरी याचा जुना पायही कुर्गानलाच बरा झाला. त्यानंतर १९८१ साली इटलीतील डॉक्टरांनी इलिझारोव्ह यांना बोलाविले आणि ही विद्या पश्चिमेकडे पोहोचली. भारतात तिचा प्रसार करणाऱ्यांत आपल्या शेजारच्या मिरजेचे डॉ. जी. एस. कुलकर्णी यांचे नाव आदराने घेतले जाते.

आमच्या घरातील दोनशे नोंदी

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर देतो. २०११ साली आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही अण्णा म्हणतो, ते रात्रपाळी करून यंत्रमागावरून परतत असता दुचाकीला ट्रकचा धक्का लागला. उजव्या नडगीचे हाड कातडी फाडून बाहेर आले. पहिल्या दवाखान्यात जखम धुऊन शस्त्रक्रिया सांगितली. खर्चाचा आकडा ऐकून घरात सगळेच घाबरले. एका नातेवाइकाने परगावच्या हाडवैद्याचे नाव सुचविले. दवाखान्यातून स्वतःच्या जबाबदारीवर नेत आहोत, अशा कागदावर सही लागत होती. घरात शिकलेला, बँकेत नोकरी करणारा मी. सही मी केली.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या लावून पट्टी घट्ट आवळली. अण्णा ठणका लागतो म्हणत होते, बोटे बधिर झाली म्हणत होते. आम्ही म्हणालो, हाड जुळताना दुखणारच. नवव्या दिवशी घरात वास सुटला. पट्टी सोडली तेव्हा दोन बोटे काळी पडली होती. फार घट्ट बांधल्याने आतला रक्तप्रवाहच बंद होतो, हे मला त्या दिवशी कळले.

दुसऱ्या दवाखान्यात दोन बोटे काढावी लागली. हाडात पू झाला होता. पाच सेंटिमीटरचा मेलेला तुकडा कापून काढला आणि इलिझारोव्हची रिंग बसविली. वर निरोगी हाडाला छेद देऊन तो भाग हळूहळू खाली सरकवायचा होता. दर सहा तासांनी नट पाव फेरा फिरवायचा, म्हणजे पाव मिलिमीटर. पहाटे सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. दुपारचा फेरा वहिनी फिरवीत, बाकीचे मी. बँकेच्या सवयीने मी एक वही घातली आणि प्रत्येक फेऱ्याची तारीख, वेळ व सही लिहू लागलो. पन्नास दिवसांत दोनशे नोंदी झाल्या. रिंग निघाली ती अकराव्या महिन्यात.

याच काळात डॉक्टरांनी अण्णांच्या उशाखालची तंबाखूची डबी काढून वहिनींच्या हाती दिली. तेव्हा मला तो विनाकारण कडकपणा वाटला. नंतर वाचनात आले, की अमेरिकेतील आठ केंद्रांत गंभीर जखमी पायांच्या २६८ रुग्णांची पाहणी झाली होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षानुसार धूम्रपान करणाऱ्यांचे हाड जुळण्याची शक्यता न करणाऱ्यांपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी होती आणि हाडात जंतुसंसर्ग होण्याचा धोका तिपटीहून अधिक. ही पाहणी धूम्रपानाची असली तरी निकोटिन रक्तवाहिन्या आकसवते, मग ते विडीतून येवो की चुना-तंबाखूतून. विड्या वळणाऱ्या आणि मिश्री लावणाऱ्या आपल्या गावात हे घरोघर सांगण्याची गरज आहे.

अण्णा आज चालतात. पाय थोडा ओढतात. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण ती सही माझ्या हातची आहे.

आपण लक्षात ठेवावे

१. अपघातात हाड मोडल्याची शंका आल्यास जखमीला ओढू नये. मोडलेला भाग आहे त्या स्थितीत फळी, काठी किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैलसर बांधावा. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवता येते.

२. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, माती, शेण काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने झाकावे. जखमेसह मोडलेल्या हाडाला प्रतिजैविकाचे औषध पहिल्या तासाभरात मिळणे फार मोलाचे असते.

३. प्लास्टर किंवा पट्टी बांधल्यावर बोटे निळी-काळी, थंड वा बधिर होऊ लागली, किंवा ठणका वाढतच गेला, तर सकाळची वाट पाहू नये. त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

४. तंबाखू, विडी, मिश्री पूर्ण बंद. डाळी, दूध, अंडी असा आहार ठेवावा. मधुमेह असल्यास साखर ताब्यात ठेवावी.

५. डॉक्टरांनी सांगितल्यावर भार टाकण्यास व व्यायामास भिऊ नये. भाराशिवाय हाड घट्ट होत नाही.

६. खर्चाची भीती वाटल्यास सरकारी रुग्णालयात व शासकीय योजनांबाबत चौकशी आधी करावी. संस्थेतील नोकरदार सभासदांनी कागदपत्रांच्या कामी गरजूंबरोबर जावे. ही सूचना मी स्वतःपासून सुरू केली आहे.

समारोप

चाळीसगावच्या लोकांनी प्रेमापोटी लगाम अननुभवी हाती दिला. त्यांच्यापुढे दुसरा मार्ग जातिभेदाने बंद केला होता. आम्ही भीतीपोटी आमच्या भावाचा पाय अननुभवी हाती दिला, आणि आमच्यापुढचा मार्ग मात्र उघडा होता. फक्त माहिती नव्हती, आणि विचारण्याची तसदी घेतली नाही. आपल्यातील विद्यार्थ्यांपैकी काहीजण उद्या डॉक्टर, परिचारिका, फिजिओथेरपिस्ट होतील. बाकीच्यांनी निदान कागदावर सही करण्यापूर्वी विचारावे, वाचावे.

दोनशे नोंदींची ती वही माझ्याकडे आहे. कोणाच्या घरी रिंग बसविलेला रुग्ण असेल तर त्यांनी ती अवश्य पाहण्यास न्यावी. धीर येण्यास तिचा उपयोग होतो, असा अनुभव आहे.